बदल मोठा म्हणजे डिसरप्शन का?

प्रश्न : रावेर तालुक्यात आमचे पंप, पाइप आणि ठिबक साहित्याचे दुकान आहे. असे साहित्य घरपोच देणाऱ्या एका अ‍ॅपचा प्रतिनिधी नुकताच सांगून गेला, की आता या धंद्यात डिसरप्शन येणार आहे. आमच्याकडे ठिबक आले, टिश्यू कल्चर केळी आली, तेही डिसरप्शनच होते का? इनोव्हेशन आणि डिसरप्शन यांत नेमका फरक काय?
— एक वाचक, रावेर

उत्तर : आपण केळीचे उदाहरण दिले ते बरे झाले, कारण नेमका गोंधळ तिथेच होतो. कंद लावल्यावर जे पीक हाती यायला सुमारे दीड वर्ष लागे, ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या म्हणजे टिश्यू कल्चरच्या ग्रँड नैन जातीच्या रोपांमुळे ११-१२ महिन्यांत येऊ लागले, आणि ठिबकमुळे पाणी व खत थेट मुळाशी पोहोचले. बदल प्रचंड होता. मात्र रोप कंदापेक्षा महाग होते, ते आधी ऐपतीच्या बागायतदारांनी घेतले, आणि तयार झालेला घड पूर्वीच्याच व्यापाऱ्यामार्फत पूर्वीच्याच उत्तरेकडच्या बाजारात, फक्त अधिक चांगला होऊन, गेला. म्हणून हे अस्सल इनोव्हेशन आहे. डिसरप्शन मात्र नव्हे.

डिसरप्शनची कल्पना हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक क्लेटन क्रिस्टेन्सेन यांनी १९९५ मध्ये जोसेफ बोवर यांच्यासह लिहिलेल्या लेखातून मांडली. तिच्यात बदलाचा आकार गौण आहे. तो कोणत्या दाराने आत येतो, हे महत्त्वाचे. पहिले दार असते ते बाजाराच्या तळातले, सर्वांत कमी नफ्याच्या मालाचे. अमेरिकेतील पोलाद उद्योगात ते स्वच्छ दिसते. तेथील मोठे कारखाने लोहखनिजापासून पोलाद करत, तर भंगार वितळवणाऱ्या छोट्या विद्युत भट्ट्यांचा माल सुरुवातीला बांधकामाच्या सळईपुरताच चाले. सळईत नफा सर्वांत कमी असल्यामुळे मोठ्या कारखान्यांनी तो बाजार फारशी खंत न करता सोडला, आणि उरलेल्या मालावर सरासरी नफा वाढलेला पाहून त्यांना आपला निर्णय योग्यच वाटला. पुढे छोट्या भट्ट्यांनी अँगल, मग गर्डर बनवायला घेतले, आणि १९८९ मध्ये न्यूकोर या अशाच भट्ट्यांच्या कंपनीने क्रॉफर्ड्सव्हिल येथे पत्राही काढायला सुरुवात केली. तोवर मोठ्यांना मागे सरकायला जागा फारशी उरली नव्हती. त्यांनी आळस केला नव्हता. आपल्या सर्वांत चांगल्या गिऱ्हाइकांकडे लक्ष देण्याचे, कोणीही शहाणा व्यापारी करील तेच, त्यांनी केले होते. मला या कल्पनेतली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

दुसरे दार असते ते आजवर गिऱ्हाईकच नसलेल्या माणसाचे. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर रेडिओचा आवाज दिवाणखान्यातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओपुढे किरटा होता, तरी ज्यांना मोठा संच परवडत नव्हता त्यांच्या दृष्टीने तुलना त्या संचाशी नव्हतीच, काहीच नसण्याशी होती. याउलट उबर ही सेवा क्रिस्टेन्सेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये डिसरप्शनच्या व्याख्येत बसवली नाही, कारण तिने टॅक्सी वापरणाऱ्या नेहमीच्याच प्रवाशांना अधिक सोयीची सेवा देऊन सुरुवात केली. 'उलथापालथ' हा रूढ मराठी शब्द म्हणूनच मला अपुरा वाटतो. 'तळातून होणारे विस्थापन' म्हटले तर अर्थ जवळ जातो.

आता आपल्या दुकानाविषयी. ते अ‍ॅप पंचवीस एकरांच्या बागायतदाराला तोच पाइप स्वस्तात देणार असेल, तर ती नेहमीची स्पर्धा आहे, आणि भाव, उधारी व दुरुस्तीची सेवा यांच्या बळावर आपण तिला तोंड देऊ शकता. पण अर्ध्या एकराला चार ड्रिपर आणि दोन जोडण्या मागणारा जो शेतकरी हंगामाच्या गर्दीत आपल्या दुकानातून नकळत परत पाठवला जातो, त्याचे काम ते करू लागले, तर सावध व्हावे. गेल्या दोन मृगबागांच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळी लागवडीच्या, वेळची बिलबुके काढून पाहा, की पाचशे रुपयांच्या आतली खरेदी करणारी माणसे कमी झाली आहेत का, आणि झाली असतील तर ती आता साहित्य कुठून घेतात, हे त्यांच्यापैकी दोघा-चौघांना स्वतः भेटून विचारा.