सुजेवरच्या गोळ्या रोज घेतल्याने मेंदूतील चेतापेशी वाचतात का?

तुमच्या आईंना अल्झायमर होता, आणि दाह कमी करणारी औषधे चेतापेशींचे रक्षण करतात असे वाचून, वयाच्या 52 व्या वर्षापासून रोज आयब्युप्रोफेन घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. पंचवटीत माझे औषधांचे दुकान आहे. माझे उत्तर नाही असेच आहे, तरी ही कल्पना निराधार नाही.

मेंदूतील मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी मृत पेशी आणि साचलेली प्रथिने साफ करतात. पण त्या वर्षानुवर्षे चेतलेल्या राहिल्या, तर त्यांच्यातून स्रवणारी द्रव्ये शेजारच्या निरोगी चेतापेशींनाही इजा करू लागतात. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉटरडॅमच्या पाहणीत, 55 वर्षांवरील सुमारे 7,000 लोकांपैकी ज्यांनी अशा गोळ्या दोन वर्षांहून अधिक काळ घेतल्या होत्या, त्यांच्यात अल्झायमर बराच कमी आढळला. आशा वाढली ती यामुळे. पुढे अमेरिकेत, घराण्यात हा आजार असलेल्या 70 वर्षांवरील सुमारे 2,500 लोकांना नॅप्रोक्सेन किंवा सेलेकॉक्सिब ही आयब्युप्रोफेनसारखीच दाह कमी करणारी औषधे, किंवा औषध नसलेली गोळी देऊन चाचणी घेतली गेली. हृदयविकाराच्या धोक्याच्या शंकेमुळे डिसेंबर 2004 मध्ये औषधे थांबवावी लागली, आणि स्मरणशक्तीला संरक्षणही मिळाले नाही.

याउलट क्षयाच्या मेंदूज्वरात डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारे जुने, स्वस्त स्टिरॉइड खरोखर उपयोगी पडले. व्हिएतनाममधील 545 रुग्णांच्या 2004 च्या अभ्यासात, क्षयाच्या औषधांसोबत ते दिल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे 41 टक्क्यांवरून 32 टक्क्यांवर आले, मात्र वाचलेल्यांमधील गंभीर अपंगत्व त्याने कमी झाले नाही. तिथे दाह तीव्र असतो, त्याचे कारण ठाऊक असते आणि औषध काही आठवडेच द्यायचे असते. अल्झायमरमधील बिघाड पहिल्या विसराळूपणाच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होतो, आणि माझ्या मते उशिरा दिलेल्या औषधाचे अपयश बरेचसे यातच आहे.

द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत दिंडोरी, निफाडकडचे लोक कंबरदुखीसाठी याच गोळ्या सलग मागायला येतात, तेव्हा जठरातील रक्तस्राव आणि मूत्रपिंडांवरचा ताण मी त्यांना दरवेळी समजावतो. तुम्हाला तर दुखणेही नाही. त्याऐवजी रक्तदाब, साखर आणि श्रवणशक्ती तपासून घ्या, कारण मध्यम वयातील उच्च रक्तदाब आणि बहिरेपणा यांचा पुढील स्मृतिभ्रंशाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि या दोन्हींवर आजच उपचार करता येतात.