कच्चे आंबे घरी कसे पिकवावेत आणि फ्रिजमध्ये कधी ठेवावेत?

आपण लिहिले आहे की, आणलेले हिरवे आंबे टिकावेत म्हणून लगेच फ्रिजमध्ये ठेवले, पण नंतर काहींच्या सालीवर करडे डाग पडले, तर काही सुरकुतून आंबटच राहिले. शिवाय कापताना सुरी कोयीवर अडते. डाग आणि आंबटपणा यांची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत.

डाग पडले ते थंडीमुळे. आंबा झाडावरून उतरवल्यानंतरही पिकत राहतो, कारण फळ स्वतःच इथिलीन हा वायू तयार करते आणि त्याच्या प्रभावाने स्टार्चची साखर होते, आम्लता घटते, गर मऊ पडतो. साधारण १२-१३ अंश सेल्सिअसच्या खाली ही क्रिया बिघडते, आणि घरगुती फ्रिजचे तापमान तर ४ अंशांच्या आसपास असते. तिथे काही दिवस राहिलेला कच्चा आंबा बाहेर काढल्यावरही सारखा पिकत नाही आणि त्याला स्वाद येत नाही. तेव्हा आधी पिकवणे आणि मगच फ्रिज, हा क्रम कृपया उलटवू नका.

सुरकुतलेले आंबे बहुतेक कोवळेच उतरवलेले असावेत. जून फळाचे खांदे देठाच्या बरोबरीने किंवा त्याच्याही वर भरलेले दिसतात, कोवळ्याचे देठापासून उतरते असतात. कोवळ्या फळात पुरेसा स्टार्च साठलेलाच नसतो, त्यामुळे ते कितीही दिवस ठेवले तरी गोड होत नाही. ते कैरी म्हणूनच वापरावे.

पिकवण्यासाठी कोरडे आंबे गवताच्या अढीत किंवा कागदात, एकमेकांवर न रचता, खोलीच्या तापमानाला ठेवावेत. घाई असेल तर कागदी पिशवीत सोबत एक पिकलेले केळे ठेवावे, म्हणजे केळ्यातून निघणारे इथिलीनही उपयोगी पडते. प्लॅस्टिकची पिशवी बंद करून ठेवू नये. आत ओल धरते आणि बुरशी येते. फळे झटपट पिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कॅल्शियम कार्बाइड या रसायनाच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. रोज एकदा आंबे पाहावेत आणि नासू लागलेला लगेच बाजूला काढावा. रंगावर मात्र विसंबू नये: काही जाती पिकल्यावरही हिरव्या राहतात, काही कच्च्या असतानाच लाल दिसतात. देठाजवळचा वास आणि तळहाताने हलके दाबल्यावर जाणवणारा मऊपणा, या दोन खुणा अधिक भरवशाच्या आहेत. अंगठ्याने दाबून पाहिल्यास त्या जागी गर काळवंडतो.

कापण्यापूर्वी आंबा धुऊन देठाकडची चकती काढावी आणि चीक निथळू द्यावा, कारण चिकाने अनेकांच्या ओठांना व हातांना खाज सुटते. मग आंबा पाटावर उभा धरून वरून पाहावे. तो गोल नसून लांबट दिसतो आणि चपटी कोय त्याच लांबीच्या दिशेने बसलेली असते. मधल्या रेषेपासून साधारण एक सेंटिमीटर सोडून, त्या रेषेला समांतर सुरी खाली आणावी. कोय लागली तर जोर न लावता सुरी किंचित बाहेर सरकवावी. दुसऱ्या बाजूनेही तसेच कापले की दोन जाड फोडी मिळतात आणि कोयीभोवतीचा गर वेगळा काढता येतो. फोडीत आडव्या-उभ्या चिरा देताना ती तळहातावर न धरता पाटावरच ठेवावी, कारण पातळ सालीतून सुरी सहज आरपार जाते. काही जातींत आत साका, म्हणजे पांढरट, आंबूस भाग निघतो; तो बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून पाहुण्यांसाठी आंबे आयत्या वेळी कापण्याऐवजी थोडे आधी कापून पाहिलेले बरे.

पिकलेला अख्खा आंबा फ्रिजमध्ये चार-पाच दिवस चांगला राहतो. कापलेल्या फोडी झाकणाच्या डब्यात घालून लगेच फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि तीन दिवसांत संपवाव्यात. जास्त दिवस ठेवायच्या असतील तर फोडी ताटात सुट्या पसरून आधी फ्रीजरमध्ये कडक होऊ द्याव्यात आणि नंतर पिशवीत भरून हवा काढून टाकावी. उणे १८ अंशांवर त्या काही महिने टिकतात. वितळल्यावर त्यांचा गर लिबलिबीत होतो, त्यामुळे त्या नुसत्या खाण्यापेक्षा रसासाठीच वापराव्यात.