अवसानघात कशाला म्हणावे?

आपला प्रश्न असा आहे की, क्रमवारीत पहिल्या स्थानावर असलेला आणि सलग १७ सामने जिंकलेला आयर्लंडचा रग्बी संघ २०२३ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीतच न्यूझीलंडकडून २८-२४ असा का हरला. आत्मविश्वास कमी पडला की दडपण जास्त झाले, आणि राष्ट्रीय संघाच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात का. मी स्वतः रग्बी खेळलेलो नाही. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवले आणि सगळी हयात फुटबॉलचे संघ उभे करण्यात गेली. रग्बीची गोडी उशिरा, दूरचित्रवाणीवरून लागली, पण लागली ती कायमची. त्यामुळे पुढचे विवेचन बाहेरून पाहणाऱ्याचे आहे, असे समजूनच वाचावे.

आयर्लंडविषयी माझे मत सर्वसाधारण मतापेक्षा वेगळे आहे. त्या सामन्याच्या अखेरीस ते चार गुणांनी मागे होते. रग्बीत ट्रायला (गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवण्याला) पाच गुण, त्यानंतरच्या किकला दोन आणि पेनल्टी किंवा ड्रॉप गोलला (चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून गोलवर मारलेल्या किकला) तीन गुण मिळतात, म्हणजे त्यांना ट्रायखेरीज तरणोपाय नव्हता. त्यांनी चेंडू हातात ठेवून एकामागून एक असे ३७ टप्पे खेळले (खेळाडू पाडला गेला आणि चेंडू पुन्हा खेळात आला की एक टप्पा), दमलेल्या अवस्थेत, चेंडू एकदाही न सांडता. आणि अखेर न्यूझीलंडच्या सॅम व्हाइटलॉकने पडलेल्या खेळाडूच्या चेंडूवर हात घालून पेनल्टी मिळवली तेव्हाच ते थांबले. त्याआधी आयर्लंडचा रोनन केलेहर गोलरेषा ओलांडून पडला होता, पण न्यूझीलंडच्या जॉर्डी बॅरेटने त्याच्या खाली शरीर घालून चेंडू जमिनीला टेकूच दिला नाही. तो चेंडू एक वीत खाली गेला असता तर आज आपण आयर्लंडच्या मनोधैर्याचे पोवाडे गात असतो. आयर्लंडचा कर्णधार सेक्स्टन याची एक पेनल्टी चुकली हे खरे, पण पाय लटपटलेला संघ ३७ टप्पे खेळू शकत नाही. आयर्लंड आठ वेळा उपांत्यपूर्व फेरीत हरलेला असल्यामुळे प्रत्येक नव्या पराभवाला ऐन वेळी धीर सुटल्याचे तेच जुने निदान चिकटवले जाते, आणि मला ते आळशीपणाचे वाटते.

मराठीत ‘अवसान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, धैर्य आणि शेवट. अवसानघात म्हणजे धीर ऐन वेळी सुटणे, आणि तो जवळजवळ नेहमी शेवटी सुटतो. या अर्थाचा खरा अवसानघात पाहायचा असेल तर ६ ऑक्टोबर २००७ चा विश्वचषकातला कार्डिफचा उपांत्यपूर्व सामना पाहावा.

न्यूझीलंड त्या दिवशी मध्यंतराला फ्रान्सविरुद्ध १३-३ असे पुढे होते. ज्या फ्रान्सने स्पर्धेचा पहिलाच सामना मायदेशी अर्जेंटिनाकडून १७-१२ असा गमावला होता, त्या फ्रान्सने ६९ व्या मिनिटाच्या ट्रायने २०-१८ अशी आघाडी घेतली. त्या चालीतला एक पास पुढे गेला होता (रग्बीत हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही) आणि पंचांच्या नजरेतून तो सुटला, ही तक्रार न्यूझीलंडमध्ये अजून ऐकू येते, आणि ती रास्तही आहे. पण घड्याळात दहाहून अधिक मिनिटे बाकी होती आणि तूट फक्त दोन गुणांची होती. एक ड्रॉप गोल पुरेसा होता. संघाने मात्र गोलरेषेकडे धडका मारणे चालूच ठेवले; ड्रॉप गोलचा एक प्रयत्न झाला तो फार लांबून. किक मारणारा डॅन कार्टर दुखापतीने बाहेर गेला होता, त्याच्या जागी आलेला निक इव्हान्सही गेला होता, आणि तिसऱ्या माणसाने काय करायचे हे आधी ठरलेले दिसत नव्हते. कर्णधार रिची मकॉ तेव्हा २६ वर्षांचा होता.

आता आपला प्रश्न इथे लावून पाहावा. या संघात आत्मविश्वास कमी होता काय? मुळीच नव्हता. आपल्या नेहमीच्या पद्धतीने ट्राय होणारच, यावर त्यांचा इतका विश्वास होता की दुसरी वाट त्यांना दिसलीच नाही. दडपण आले म्हणजे माणूस भ्यालेलाच दिसतो असे नाही. बऱ्याचदा तो उलट अधिक जोर लावतो. बदलते ते त्याचे पाहणे: नजर आकसून समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते, उरलेला वेळ, गुणांची तूट, डाव्या बाजूला मोकळा उभा असलेला सहकारी, हे सगळे असूनही नसल्यासारखे होते. दमलेल्या शरीरात हे अधिक लवकर घडते, आणि रग्बीत ८० मिनिटे शरीराला शरीर भिडत असल्यामुळे शेवटच्या दहा मिनिटांत न दमलेला माणूस मैदानावर सापडत नाही.

हे मी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी, पंधरा हातांवरून पाहिले आहे. शालेय फुटबॉलचा अंतिम सामना होता, ऑगस्टचा पाऊस, मैदानावर लाल चिखल, बरोबरी, आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. आमचा मारणारा मुलगा सरावात क्वचितच चुकत असे. त्याची एक लकब होती: चेंडू ठेवला की उजव्या बुटाचे टोक डाव्या मोज्यावर दोनदा पुसायचे आणि मग पाच पावले मागे यायचे. त्या दिवशी त्याने चेंडू ठेवून माझ्याकडे पाहिले, आणि मी ओरडलो, ‘‘चुकू नको हां!’’ त्याने बूट पुसला नाही. तो तीनच पावले मागे गेला. चेंडू आडव्या खांबावरून मागच्या काजूच्या झाडांत गेला. मुलाचे मन कच्चे आहे, असे तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बोलले गेले आणि मी गप्प बसलो, याची मला अजून लाज वाटते. कच्चे होते ते माझे वाक्य. त्याच्या डोक्यात तोवर नव्हती ती चूक मीच तिथे नेऊन ठेवली.

जपानच्या आयुमु गोरोमारूला किकपूर्वी हात जुळवून, तर्जन्या वर करून उभे राहताना मी प्रथम पाहिले तेव्हा मला तो मोजा आठवला. ती लकब घडवण्यात काओरी अराकी या मानसशास्त्रज्ञ बाईंचा हात होता. त्या मुद्रेत जादू काही नाही. प्रत्येक किकच्या आधी तेच, त्याच क्रमाने केले की मनाला निकालाचा विचार करायला फटच राहत नाही, एवढेच तिचे काम आहे.

२००७ नंतर न्यूझीलंडने जे केले ते मला या विषयातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते. पूर्वी विश्वचषक हरला की प्रशिक्षक जात असे. या वेळी ग्रॅहम हेन्री यांनाच त्या डिसेंबरात पुन्हा नेमले गेले, आणि ज्यांनी चूक केली त्यांनाच ती दुरुस्त करण्याची संधी मिळाली. मानसिक तयारीचे गिल्बर्ट एनोका संघासोबत होतेच, त्यांच्या जोडीला केरी इव्हान्स हे मनोविकारतज्ज्ञ आले. आपल्याकडच्या फुटबॉलवेड्यांना हे आवडेल की हे गृहस्थ एके काळी न्यूझीलंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संघातून खेळलेले होते. त्यांनी खेळाडूंना दोन अवस्था ओळखायला शिकवल्या, लाल डोके आणि निळे डोके: पहिल्यात माणूस तापतो, घाई करतो, अडकतो, दुसऱ्यात त्याला चौफेर दिसते. लाल कधीच होऊ नका, असे ते सांगत नसत, कारण ते अशक्य आहे. झालात तर ओळखा आणि परत या, असे सांगत, आणि परत येण्याची प्रत्येकाची खूण वेगळी असे: सावकाश श्वास, पायाखालची जमीन जाणवणे, हातातल्या चेंडूचा स्पर्श, दूरच्या प्रेक्षागाराकडे नजर. अरुंद झालेली नजर मुद्दाम रुंद करण्याचाच हा उपाय आहे.

त्याची परीक्षा २३ ऑक्टोबर २०११ ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, ऑकलंडच्या ईडन पार्कवर झाली, समोर पुन्हा फ्रान्सच. साखळीत याच फ्रान्सला त्यांनी ३७-१७ असे हरवले होते. कार्टर स्पर्धेतून बाहेर, त्याच्या जागचा कॉलिन स्लेड बाहेर, तिसरा अॅरन क्रूडन अंतिम सामन्यातच जखमी होऊन गेला. आणि चौथा स्टीफन डोनल्ड, ज्याला संघाचे बोलावणे आले तेव्हा तो नदीवर मासे पकडत होता, त्याने मारलेल्या पेनल्टीचे तीन गुण निर्णायक ठरले. ८-७ ही एका गुणाची आघाडी त्यांनी अर्ध्या तासाहून जास्त वेळ टिकवली. मकॉ मोडलेल्या पायाने खेळत होता. खेळ देखणा नव्हता, पण चौथ्या माणसालाही आपले काम ठाऊक होते, आणि २००७ मध्ये नेमके तेच नव्हते.

मायदेशाचे ओझे वेगळे असते. आपल्याकडे गावच्या जत्रेतल्या नाटकात काम केलेल्यांना हे सांगायला नको. परगावी पाठ असलेले भाषण देवळासमोर, काका-मामा पुढच्या रांगेत बसलेले असताना, घशात अडकते. फातोर्ड्याच्या मैदानावर डिसेंबर २०१५ मध्ये एफसी गोवा हा फुटबॉल संघ इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात चेन्नईविरुद्ध अखेरच्या क्षणांपर्यंत २-१ असा पुढे होता आणि ३-२ असा हरला. त्या रात्री परतीच्या बसमध्ये मी कोणाला एक शब्द बोलताना ऐकले नाही.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या रग्बी विश्वचषकात एका आठवड्याच्या अंतराने दोन कर्णधारांपुढे जवळजवळ एकच प्रश्न उभा राहिला. १९ सप्टेंबरला ब्रायटनमध्ये जपान दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २९-३२ असा मागे होता. पेनल्टी मिळाली, ती गोलवर मारली तर बरोबरी, आणि विश्वचषकात तोवर एकच सामना जिंकलेल्या जपानला बरोबरीही ऐतिहासिक ठरली असती. जपानचा कर्णधार मायकल लीचने स्क्रम (दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात तो प्रकार) घेतला आणि कार्न हेस्केथच्या ट्रायने जपान ३४-३२ असा जिंकला. २६ सप्टेंबरला यजमान इंग्लंड वेल्सविरुद्ध २५-२८ असा मागे असताना कर्णधार ख्रिस रॉबशॉने बरोबरीची किक नाकारून कोपऱ्यातला लाइनआउट (बाजूरेषेवरून दोन रांगांमध्ये चेंडू फेकण्याचा प्रकार) घेतला, चेंडू रांगेच्या अगदी पुढच्या माणसाकडे फेकला गेला आणि वेल्सने सगळा गठ्ठा ढकलून मैदानाबाहेर काढला. लीच वीर ठरला, रॉबशॉ खलनायक. निर्णय मात्र एकाच जातीचा होता. फरक मला दिसतो तो अंमलात. दक्षिण आफ्रिकेचा एक माणूस तेव्हा कमी होता आणि स्क्रममध्ये आपण टिकतो हे त्यांनी त्या दिवशी अनुभवले होते. इंग्लंडने धाडसी निर्णय घेतला आणि लगेच सर्वांत सावध फेक केली. पुढच्या माणसाकडे फेकलेला चेंडू सुरक्षित असतो खरा, पण तो बाजूरेषेला इतका चिकटून मिळतो की प्रतिस्पर्ध्याला ढकलायला फार थोडी जागा पुरते. डोके एका बाजूला आणि हात दुसऱ्या बाजूला, असे दडपणाचे रूप मी फुटबॉलमध्ये शेकडो वेळा पाहिले आहे.

आत्मविश्वास सामन्यागणिक साठत जातो, हाही एक समज आहे. २०१९ च्या विश्वचषकात इंग्लंडने उपांत्य सामन्यात न्यूझीलंडला १९-७ असे अक्षरशः निष्प्रभ केले आणि आठवड्याभराने अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेकडून ३२-१२ असा गमावला. इंग्लंडचा प्रॉप (स्क्रमच्या पहिल्या रांगेतला खेळाडू) काइल सिंकलर तिसऱ्याच मिनिटाला जखमी झाला आणि स्क्रम कोसळत राहिला. स्क्रममध्ये मागे रेटला जाणारा संघ मनाने कितीही खंबीर असला तरी पेनल्टी देतच राहतो. मानसिक कारणे शोधण्याआधी स्क्रम पाहावा, हा माझा आग्रह आहे.

त्या विजयानंतर दक्षिण आफ्रिकेचे प्रशिक्षक रॅसी इरॅस्मस म्हणाले होते की, आमच्या देशात दडपण म्हणजे नोकरी नसणे, जवळच्या माणसाचा खून होणे. रग्बीने दडपण नव्हे, आशा निर्माण करावी. २०२३ मध्ये याच संघाने बाद फेरीचे तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकले: २९-२८, १६-१५, १२-११. उपांत्य सामन्यातली निर्णायक पेनल्टी भर पावसात, जवळजवळ मध्यरेषेवरून मारली ती जखमी खेळाडूच्या जागी उशिरा बोलावलेल्या हांद्रे पोलार्डने.

आपण शाळेच्या मुलांसाठी काही सुचवा असेही लिहिले आहे. सरावाच्या अखेरीस, मुले पुरती दमलेली असताना, ‘दोन गुणांनी मागे, तीन मिनिटे बाकी’ असे सांगून खेळवावे, मध्येच एक उघड चुकीचा निर्णय द्यावा आणि कोण बोलतो ते पाहावे. मी फुटबॉलमध्ये हे बरीच वर्षे केले. सुरुवातीला सगळी मुले माझ्याकडेच पाहत असत, म्हणून त्या तीन मिनिटांत मी मैदानाकडे पाठ करून काजूच्या झाडांकडे तोंड करून उभा राहू लागलो. त्यांना एकमेकांकडे पाहायची सवय लागायला एक अख्खा पावसाळा गेला.