शिवणीने फुटबॉलची दिशा बदलते का? होय, मी ती गोलमध्ये उभं राहून पाहिली आहे

तुम्ही विचारलंय की पॅनेल (बॉल ज्या तुकड्यांचा बनतो ते) आणि शिवणी बदलल्या तर फुटबॉल खरंच हवेत वेगळा जातो का, आणि तुमच्या ११ वर्षांच्या गोलकीपर मुलाला कोणता बॉल घ्यावा. वेगळा जातो, शंभर टक्के जातो. परळच्या आमच्या चाळीच्या टीममध्ये मी नऊ वर्षं गोलकीपर होतो. या एका गोष्टीपायी आजवर बोलणी खातोय, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१० चा जुलै, वर्ल्ड कप नुकताच संपलेला. आमच्या भागातल्या स्पर्धेची सेमीफायनल, १-१ बरोबरी, गोलसमोर नुसता चिखल. आयोजकांनी हौसेने नव्या पद्धतीचा बॉल आणला होता, पॅनेल चिकटवलेला, गुळगुळीत. आम्ही सगळा सराव हाताने शिवलेल्या ३२ तुकड्यांच्या बॉलवर केलेला. शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्यांना फ्री किक मिळाली, साधारण २५ यार्डांवरून. मारणाऱ्याने पायाच्या हाडाने बॉलच्या बरोबर मध्यावर ठोकलं. आमच्या खेळाडूंनी समोर उभ्या केलेल्या वॉलवरून बॉल वर आला तेव्हा माझ्या डाव्या खांद्याच्या रेषेत होता. मी डावीकडे पाऊल टाकलं. अगदी जवळ आल्यावर तो उजवीकडे सरकला आणि खाली बसला. बोटांना घासून आत गेला. आम्ही हरलो.

कॅप्टन सगळ्यांसमोर म्हणाला, "बॉलवरची नजर काढलीस." अजूनही गणपतीत चाळीत भेटलो की हेच ऐकवतो. पण त्या बॉलवरचा छापलेला तारा मला शेवटपर्यंत जागच्या जागी दिसत होता. नजर काढली असती तर तो दिसला कसा? आणि तारा फिरत नव्हता, म्हणजे बॉलला फिरकी नव्हती. सगळं कारण तिथेच आहे.

बॉल फिरत असेल तर तो एकाच बाजूला वळत जातो. १९९७ मध्ये ब्राझीलच्या रोबर्टो कार्लोसने फ्रान्सविरुद्ध मारलेली फ्री किक तशीच होती. न फिरणाऱ्या बॉलचं तसं नसतं. शिवाजी पार्कात क्रिकेट बघत वाढलेल्याला सीमचं महत्त्व वेगळं सांगायला नको, इथेही तेच आहे. शिवणीमुळे बॉलला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर खळबळतो, खळबळलेली हवा मागच्या बाजूपर्यंत चिकटून राहते आणि अडथळा कमी होतो. बॉल जितका गुळगुळीत, तितकी ही खळबळ व्हायला जास्त वेग लागतो. त्या वेगाच्या आसपास एका बाजूची हवा लवकर सुटते, दुसरीकडची उशिरा, आणि बॉल बाजूला ढकलला जातो. बॉल अगदी थोडा वळला तरी शिवणीची जागा बदलते आणि ढकलण्याची दिशाही बदलते. २०१० च्या वर्ल्ड कपच्या बॉलला, जाबुलानीला, आठच पॅनेल होते, तेही उष्णतेने जोडलेले. त्याचा हा नेमका वेग ताशी ७०-८० किलोमीटरच्या आसपास यायचा, म्हणजे फ्री किकच्या वेगातच. जगातले मोठमोठे गोलकीपर त्या बॉलवर उघडपणे चिडले होते. त्यांना कोणी म्हणालं नाही की नजर काढलीत.

पॅनेल मोजून काही कळत नाही. २०१४ च्या वर्ल्ड कपच्या बॉलला, ब्राझुकाला, सहाच पॅनेल होते, तरी तो जास्त सरळ जायचा. त्याच्या शिवणींची एकूण लांबी सव्वातीन मीटरच्या घरात होती, जाबुलानीची दोन मीटरच्या आसपास. शिवाय ब्राझुकाच्या शिवणी खोल होत्या. म्हणून दुकानात पॅनेल मोजू नका, शिवणीवरून बोट फिरवून बघा.

एक मान्य करतो. ३२ तुकड्यांचा बॉलही न फिरवता मारला तर डगमगतो, फक्त कमी वेगाला. आणि मी पाऊल लवकर टाकलं, तेही खरं. थांबलो असतो तर कदाचित पंजा पूर्ण लागला असता.

बॉलचं म्हणाल तर ११ व्या वर्षी चार नंबरचा पुरे. धोबी तलावच्या दुकानांत हाताने शिवलेला मिळेल, सरावाला तो घ्या. मुलाच्या स्पर्धेत चिकटवलेला वापरत असतील तर तसलाही एक हवा, नाहीतर त्याची माझ्यासारखी गत होईल. हवा दोन्हींत सारखी भरा.

आणि मुलाच्या हातून असा गोल गेला तर ओरडण्याआधी स्वतः गोलमध्ये उभे राहा. कोणाला तरी २५ यार्डांवरून फिरकी न देता दहा बॉल मारायला सांगा आणि त्यातले किती पकडता ते मोजा. आमच्या कॅप्टनला मी हे दोनदा सांगितलं. तो अजून एकदाही गोलमध्ये उभा राहिलेला नाही.