वाचकांचे प्रश्न : नवी गाडी घ्यावी, की ‘साल्व्हेज’ शिक्क्याची स्वस्त गाडी?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात राहतो. घरी आम्ही दोघे, पंधरा वर्षांची मुलगी आणि धाकटा मुलगा. आमची जुनी गाडी आता दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे. आम्हाला पसंत असलेली हायब्रिड सेडान नवी घेतल्यास कर वगळता ३४,००० डॉलरला पडते. त्याच मॉडेलची, दोन वर्षे जुनी आणि २८,००० मैल चाललेली गाडी एक विक्रेता १९,००० डॉलरला देत आहे. मात्र तिच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या सरकारी कागदावर, ‘रीबिल्ट साल्व्हेज’ असा शिक्का आहे. पुढचा बंपर फुटला होता, बाकी काही झाले नव्हते, असे तो सांगतो. वाचलेले १५,००० डॉलर मुलीच्या कॉलेजसाठी ठेवता येतील, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. मला धीर होत नाही. घरात ही एकच गाडी असेल आणि पुढच्या वर्षी मुलगीही तिच्यावरच शिकेल. आम्ही काय करावे?

उत्तर : घरात ही एकच गाडी असेल, हे आपण पत्राच्या शेवटी ओघात लिहिले आहे, माझ्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. ही गाडी आपण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यासाठी नवी गाडीच घेतली पाहिजे असे नाही, आणि यजमानांचा बचतीचा आग्रहही चुकीचा नाही. फक्त त्यांनी धरलेला १५,००० डॉलरचा आकडा नीट तपासून पाहायला हवा.

आधी शिक्क्याविषयी. ‘साल्व्हेज’ हा शब्द मूळचा जहाजांच्या व्यवहारातला आहे. बुडालेल्या किंवा संकटात सापडलेल्या जहाजावरून जे वाचवून आणले जाई, त्याला तो लावत. गाडीच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने इतका मोठा झाला की विमा कंपनीने दुरुस्तीऐवजी मालकाला गाडीची किंमत देऊन टाकली आणि गाडी स्वतःकडे घेतली. पुढे अशी गाडी बहुधा लिलावात जाते, तेथून ती कोणी दुरुस्तीसाठी घेतो, आणि राज्याच्या तपासणीनंतर तिच्यावर ‘रीबिल्ट’ असा शब्द येतो. खर्चाची मर्यादा राज्याराज्यांत वेगळी आहे. न्यूयॉर्कमध्ये तुलनेने नव्या गाड्यांसाठी ती किमतीच्या ७५ टक्के आहे, टेक्सासमध्ये १०० टक्के. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ठरावीक टक्केवारी नसून दुरुस्तीचा खर्च आणि मोडक्या गाडीचे लिलावातील मोल यांची बेरीज गाडीच्या किमतीहून जास्त होते काय, ते पाहिले जाते.

आता विक्रेत्याचे म्हणणे या नियमाशेजारी ठेवून पाहा. अपघाताच्या वेळी गाडीची किंमत ३०,००० डॉलर होती असे धरले, तर न्यूयॉर्कच्या मर्यादेप्रमाणे नुकसान किमान २२,५०० डॉलरचे असायला हवे. निव्वळ फुटलेल्या बंपरचा खर्च तेवढा होत नाही. त्याला न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे की, हल्लीच्या गाड्यांत बंपरमागे रडार असते, दिवे महाग असतात, आणि एअरबॅग उघडल्या की त्या, त्यांची नियंत्रण पेटी, सीटबेल्टचे ताणयंत्र आणि कित्येकदा डॅशबोर्डही बदलावा लागतो. त्यामुळे सांगाडा शाबूत असूनही बिल फुगू शकते. पण तसे असेल, तर या गाडीच्या एअरबॅग उघडल्या होत्या असाच त्याचा अर्थ होतो, आणि मग त्यांच्या जागी काय बसवले, हा प्रश्न उभा राहतो.

मला सर्वाधिक चिंता त्याचीच वाटते. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने वाहनमालकांना इशारा दिला होता. आधी अपघात झालेल्या गाड्यांत नंतर बसवलेले स्वस्त, निकृष्ट इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) फुटून त्याआधीच्या नऊ महिन्यांत तीन जणांचा मृत्यू झाला होता आणि दोघांना आयुष्यभराच्या गंभीर जखमा झाल्या होत्या. ज्या वस्तूने जीव वाचवायचा, तिचेच धातूचे तुकडे चालकाच्या अंगात घुसले. काही ठिकाणी तर एअरबॅग बसवतच नाहीत. आत पोकळी ठेवून वरून नवे झाकण लावतात आणि डॅशबोर्डवरचा इशारा देणारा दिवा जळू नये म्हणून तारांत छोटासा रोधक जोडतात. बाहेरून पाहणाऱ्याला, एवढेच काय, गाडी चालवून पाहणाऱ्यालाही हे कळत नाही. ज्या चाकामागे आपली मुलगी बसणार आहे, तेथे ही शंका मी स्वतः बाळगू शकलो नसतो.

राज्याची तपासणी झाली आहे ना, असे यजमान विचारतील. न्यूयॉर्कमध्ये साल्व्हेज गाडीची जी खास तपासणी होते, तिचा हेतू गाडीत चोरीचे भाग वापरलेले नाहीत याची खातरजमा करणे हा असतो. गाडी सुरक्षित असल्याची ती ग्वाही नसते. वार्षिक तपासणीत ब्रेक, टायर, दिवे, सीटबेल्ट पाहतात. सांगाड्याचा पुढचा भाग काही मिलिमीटरने वाकडा राहिला आहे काय, किंवा उच्च ताकदीचे पोलाद तापवून सरळ करताना कमकुवत झाले आहे काय, हे तेथे कोणी मोजत नाही. धडकेच्या वेळी ठरलेल्या क्रमाने चुरगळून आतल्या माणसांवरचा आघात कमी करण्याचे काम याच भागाचे असते.

आता हिशेब. आपण नव्या गाडीची तुलना साल्व्हेज गाडीशी करत आहात आणि मधला पर्याय निसटला आहे. याच मॉडेलची, तेवढीच जुनी, पण स्वच्छ टायटलची गाडी समजा २७,००० डॉलरला मिळते. म्हणजे १५,००० मधले ७,००० डॉलर केवळ गाडी जुनी असल्यामुळे वाचतात, आणि ते शिक्का नसलेल्या गाडीतही वाचतील. शिक्क्यामुळे मिळणारी सवलत ८,००० डॉलरची, सुमारे ३० टक्के आहे. अशा गाड्यांना साधारण २० ते ४० टक्के कमी भाव मिळतो, त्याच्याशी हे जुळते. आपण विकायला जाल तेव्हा हीच सवलत आपल्यालाही द्यावी लागेल. सहा वर्षांनी स्वच्छ टायटलच्या गाडीचे १२,००० डॉलर आले, तर शिक्क्याच्या गाडीचे ८,४०० च्या आसपास येतील. म्हणजे ८,००० मधून ३,६०० परत गेले. उरलेले ४,४०० डॉलर सहा वर्षांत विभागले तर महिन्याला एकसष्ट डॉलर होतात. कॉलेजचा खर्च यातून किती भागेल, हे यजमानांनीच शांतपणे ठरवावे.

आणि हे एकसष्ट डॉलरही हाती राहतील असे नाही. लायबिलिटी विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास ते भरून देणारा विमा मिळतो, पण स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा विमा अशा गाड्यांना काही कंपन्या नाकारतात आणि काही देतात. मात्र भरपाईच्या वेळी शिक्का धरूनच किंमत ठरवतात. अनेक बँका कर्ज देत नाहीत, म्हणून रोख रक्कम किंवा चढ्या व्याजाचे वैयक्तिक कर्ज हाच मार्ग उरतो. उत्पादकाची हमी तर विमा कंपनीने गाडी निकालात काढली की बहुधा संपतेच. साध्या पेट्रोल गाडीत हे एक वेळ सोसता येईल. हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीची स्वच्छ टायटलवर मिळणारी दीर्घ हमी हातची जाणे मात्र खरोखर जड आहे.

पुराच्या पाण्याचा उल्लेख विक्रेत्याने केलेला नाही, तरी ती शक्यता आपण स्वतः तपासावी. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कनेच अशा बुडालेल्या गाड्या पाहिल्या आहेत. खारे पाणी तारांच्या जोडांत शिरले की गंज महिनोन्‌महिने आतून चढत राहतो, आणि गाडी कोरडी, चकचकीत दिसत असतानाच एखाद्या दिवशी बंद पडते. कागदपत्रे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरवून असे शिक्के पुसण्याचे प्रकारही होत आले आहेत. १९९२ च्या संघीय कायद्याने देशभरातील टायटलची एकत्रित नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू झाली, त्यामागे हे एक कारण होते. गाडीचा व्हीआयएन, म्हणजे सतरा अक्षरांकांचा ओळख क्रमांक, देऊन अल्प शुल्कात या नोंदींचा अहवाल मिळतो, आणि राष्ट्रीय विमा गुन्हे विभागाची व्हीआयएन तपासणी विनामूल्य आहे.

साल्व्हेज गाडी कोणीच घेऊ नये, असे मात्र मी म्हणत नाही. गारपिटीने पत्रा चेपला म्हणून, किंवा चोरीला गेलेली गाडी भरपाई दिल्यावर सापडली म्हणून शिक्का बसलेल्या गाड्या असतात. घरात दुसरी भरवशाची गाडी असलेल्या, दुरुस्ती समजणाऱ्या माणसाने अशी गाडी रोखीने घेऊन ती पूर्ण झिजेपर्यंत वापरली, तर तो शहाणपणाचा सौदा ठरू शकतो. आपली परिस्थिती तशी नाही.

यजमानांचे मन तरीही त्या गाडीत अडकले असेल, तर विक्रेत्याकडे दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे, बदललेल्या प्रत्येक भागाची बिले, उत्पादकाच्या अस्सल एअरबॅगची पावती आणि सांगाड्याच्या मोजमापाचा अहवाल मागा. लिलावातील छायाचित्रे व्हीआयएन टाकल्यावर बऱ्याचदा इंटरनेटवरही सापडतात. तेथे बंपर दिसतो की निम्मा दर्शनी भाग, ते लगेच समजेल. यांतले एखादेही तो दाखवू शकला नाही, तर बोलणे तेथेच थांबवा.

माझी शिफारस लीजवरून (ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावरून) परत आलेल्या, स्वच्छ टायटलच्या दोन-तीन वर्षे जुन्या गाडीची आहे. बहुतेक उत्पादकांची मूळ हमी तीन वर्षे किंवा ३६,००० मैल असते. ती संपत आली असेल, तर उत्पादकाने तपासून नवी हमी जोडलेली ‘सर्टिफाइड’ गाडी पाहावी आणि तिच्यासाठी हजार-दीड हजार डॉलर जास्त पडले तरी मागे हटू नये. तीही गाडी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या, आपण निवडलेल्या मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून तपासून घ्यावी, आणि हे सारे होईपर्यंत ठेव म्हणून एक डॉलरही देऊ नये.