एरर रॅप करायची की जोडायची?

या महिन्यातली बरीच पत्रं गो भाषेतल्या एररबद्दल होती, म्हणून डेटाबेस आणि डॉकरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. ज्यांना गो येत नाही त्यांच्यासाठी एवढंच: तिथं एरर फेकत आणि झेलत नाहीत. ती साधी व्हॅल्यू असते. फंक्शन निकालासोबत ती परत देतं, आणि ती निल (म्हणजे रिकामी, एरर नाहीच) आहे का हे बघायचं काम बोलावणाऱ्याचं. एररएफ हे आपला मजकूर लावून नवी एरर बनवणारं फंक्शन. त्यात %डब्ल्यू लिहिलं तर मूळ एरर नव्या एररच्या आत राहते, यालाच रॅप करणं म्हणतात. %व्ही लिहिलं तर तिचा फक्त मजकूर येतो.

प्रश्न : ताई, आमच्या दूध संकलनाच्या प्रोग्रामला गावोगावच्या केंद्रांकडून सकाळ-संध्याकाळ सीएसव्ही फाइल येते. एखाद्या केंद्राची फाइल नसेल तर ते केंद्र सोडून पुढं जायचं. फाइल उघडताना आलेली एरर मी एररएफमध्ये %डब्ल्यू वापरून रॅप केली आणि वरच्या फंक्शनमध्ये ओएस.इजनॉटएक्झिस्टनं (‘फाइलच नाही का?’ विचारणाऱ्या फंक्शननं) तपासली. उत्तर फॉल्स. आधी %व्ही होतं, तेव्हाही फॉल्स. मग %डब्ल्यूचा फायदा काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : %डब्ल्यू बरोबर आहे, तपासणारं फंक्शन बदला. ओएस.इजनॉटएक्झिस्ट फार जुनं. ओएस पॅकेज स्वतः ज्या एरर देतं तेवढ्याच त्याला ओळखता येतात. तुम्ही एररएफनं वर थर चढवलात की ते वरच्या थरालाच ‘तू कोण’ विचारतं आणि परत फिरतं. आत उतरून बघण्याची सोय सप्टेंबर 2019 मध्ये गो 1.13 बरोबर आली: रॅप करायला %डब्ल्यू, शोधायला एरर्स.इज (ठरावीक एरर आत आहे का) आणि एरर्स.ॲज (ठरावीक प्रकारची एरर काढून द्या). तेव्हा एरर्स.इज(एरर, एफएस.एररनॉटएक्झिस्ट) असं लिहा. एफएस पॅकेज 1.16 पासूनचं आहे. त्याहून जुनी गो असेल तर ओएस.एररनॉटएक्झिस्ट लिहा, व्हॅल्यू तीच आहे. आणि %व्हीवर परत जाऊ नका. त्यानं फक्त मजकूर पुढं जातो, मूळ एरर तिथंच गळते, आणि मग एरर्स.इजसुद्धा काही करू शकत नाही.

तुम्ही पाठवलेला लॉग वाचला. ‘फाइल प्रोसेस करता आली नाही: फाइल वाचता आली नाही: फाइल उघडता आली नाही: ओपन’, पुढे फाइलचा पूर्ण पाथ, आणि मग ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. यातले पहिले तीन तुकडे तुमचे, आणि तिन्ही मिळून कामाचं काही सांगत नाहीत. कुठली क्रिया फसली आणि कुठल्या पाथवर, हे ओएसच्या एररमध्ये आधीच असतं. नाही ते केंद्राचं नाव आणि सकाळ की संध्याकाळ. तेवढंच जोडा. कोड रिव्ह्यूला बसले की मी ‘करता आली नाही’ हे शब्द सरसकट खोडते. एरर आहे म्हणजे आली नाहीच की!

पत्राच्या शेवटी विचारलंय, ‘मग आता सगळीकडे %डब्ल्यूच लावू ना?’ नाही. %डब्ल्यू लावलं की आतली एरर बोलावणाऱ्याच्या हाती लागते. ती तो तपासू लागतो, तिच्यावर विसंबतो. समजा, सभासद शोधणारं तुमचं फंक्शन एसक्यूएल.एररनोरोज (डेटाबेसात ओळच सापडली नाही, ही एरर) रॅप करून देतंय. वरच्या दहा ठिकाणी लोकांनी तेच तपासलं. उद्या सभासदांची यादी डेटाबेसऐवजी दुसऱ्या सर्व्हिसकडून आणायची ठरली की त्या दहाही जागा फुटतात. कंपायलर एका शब्दानं सांगत नाही. त्यापेक्षा तुमच्या पॅकेजची स्वतःची ‘सभासद सापडला नाही’ अशी एरर ठेवा, ती %डब्ल्यूनं द्या, आणि डेटाबेसची एरर %व्हीनं नुसती मजकुरात येऊ द्या. पॅकेजच्या आतल्या आत मात्र बिनधास्त रॅप करा, तिथं दोन्ही बाजू तुमच्याच आहेत.

प्रश्न : द्राक्षबागांतल्या साठ हवामान यंत्रांचे आकडे आम्ही रात्री एकदम ओढतो, प्रत्येक यंत्राला एक गोरूटीन (बाकीच्यांसोबत एकाच वेळी चालणारं काम). अशी कामं एकत्र चालवणारा एररग्रुप वापरला तर सगळ्यांसाठी थांबणारं त्याचं वेट पहिलीच एरर देतं, म्हणून सगळ्या एरर गोळा करून एरर्स.जॉइननं जोडतो. वरच्या फंक्शनमध्ये लिहिलंय की एररमध्ये कॉन्टेक्स्ट.डेडलाइनएक्सीडेड (दिलेली वेळ संपली, म्हणजे टाइमआउट) असेल तर ‘नेटवर्क मंद आहे’ समजून तासाभरानं पुन्हा प्रयत्न करायचा, आणि कुणाला मेसेज पाठवायचा नाही. गेल्या आठवड्यात काही यंत्रांचे टोकन (आकडे ओढायची परवानगी देणारे कोड) संपले होते, आणि ते आम्हाला बागायतदारांनी फोन करून सांगितलं. जॉइनमध्ये एरर हरवतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जॉइनमध्ये काही हरवलेलं नाही. तुमच्या प्रश्नाला जे उत्तर मिळालं ते तुम्ही भलतंच समजलात.

रॅप केलेली एरर ही एकाखाली एक अशी रांग असते. तिथं एरर्स.इज खरं म्हणालं, तर अपयशाचं मूळ तेच. गो 1.20 मध्ये, फेब्रुवारी 2023 ला, जॉइन आलं आणि रांगेला फांद्या फुटल्या. एरर्स.इज आता एकेका फांदीत तळापर्यंत उतरतं आणि कुठंही जुळलं की ट्रू देऊन थांबतं. म्हणजे जोडलेल्या एररवर ट्रू आलं तर त्याचा अर्थ ‘यातली निदान एक टाइमआउट आहे’. तुम्ही वाचलंत ‘सगळ्या टाइमआउट आहेत’. एका मंद यंत्राच्या आडोशाला टोकन संपलेली सगळी यंत्रं लपली. एरर्स.ॲजचंही तसंच, त्या प्रकारची पहिली सापडली की तीच देतं, बाकीच्यांना हात लावत नाही.

पायथनवाले इथं थोडे सुखी आहेत. त्यांच्याकडं 3.11 मध्ये एक्सेप्शन ग्रुप आले, आणि त्यासोबतचं एक्सेप्ट-स्टार जुळणाऱ्या तेवढ्या वेगळ्या काढतं, उरलेल्या पुढं जाऊ देतं. गोमध्ये ही वाटणी आपली आपण करायची.

ती जोडल्यानंतर करण्यात अर्थ नाही, आधी करा. साठ यंत्रांसाठी साठ जागांचा स्लाइस (गोमधली यादी) घ्या आणि प्रत्येक गोरूटीननं आपापल्या क्रमांकाच्या जागी एरर लिहावी. सगळे एकाच स्लाइसला अपेंड करत असाल तर म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लागेल. वेगळ्या जागी लिहिताना लागत नाही, फक्त सगळे संपेपर्यंत थांबा. मग एकेक एरर बघा. टाइमआउट असेल तर ते यंत्र पुन्हा प्रयत्नाच्या यादीत. दुसरं काही असेल तर यंत्राचा क्रमांक %डब्ल्यूसोबत लावून खऱ्या बिघाडाच्या यादीत. जॉइन फक्त या दुसऱ्या यादीवर, तेही वर एकच एरर द्यायची असेल तर. सगळ्या निल असतील तर जॉइन निलच देतं, त्यामुळं वेगळं इफ लिहायला नको. क्रमांक आधी लावायचं कारण हे की जॉइन निल वगळतं, आणि वगळल्यावर तिसरी एरर तिसऱ्या यंत्राची राहत नाही.

अजून दोन खाचखळगे. जॉइन मजकूर जोडताना मधे नवी ओळ टाकतं. तुमचा लॉग ओळीओळीनं गोळा होत असेल तर वेळेचा शिक्का फक्त पहिल्या ओळीला मिळतो, बाकीच्या ओळी पोरक्या. लॉग करताना यादीतल्या एरर एकेक करून लिहा, हाच साधा उपाय. दुसरं, जोडलेली एरर सोडवायला एरर्स.अनरॅप वापराल तर निल मिळेल. ते एकच एरर देणाऱ्या अनरॅपला विचारतं आणि जॉइनचा अनरॅप स्लाइस देतो. त्या स्लाइससाठी टाइप असर्शन करावं लागतं, म्हणजे ‘स्लाइस देणारा अनरॅप तुझ्याकडं आहे का’ हे एररलाच विचारावं लागतं. पण बाहेरच्या कोडला ते करायची वेळ येत असेल तर माझ्या मते तुमच्या फंक्शननं यादीच परत द्यायला हवी होती. जॉइन म्हणजे गाठोडं आहे, बांधायला सोपं आणि सोडणाऱ्याला कटकट.

प्रश्न : पीकेजी-एरर्स ही एरर रॅप करायची जुनी लायब्ररी काढून टाकायला वरिष्ठांनी सांगितलंय. एरर्स.रॅपच्या जागी एररएफ आणि %डब्ल्यू, असं फाइंड-रिप्लेस करून चालेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात नाही! त्या लायब्ररीच्या रॅपला निल दिलं तर ते निलच परत देतं, आणि लोकांनी याचा आधार घेऊन इफ न लिहिता थेट ‘रिटर्न एरर्स.रॅप’ लिहिलेलं असतं. एररएफला निल दिलंत तर खरीखुरी एरर तयार होते, मजकुरात विचित्र टक्केचिन्ह घेऊन. जे काम नीट झालं तेच फसल्याचं दिसू लागेल. तेव्हा असे थेट रिटर्न शोधून आधी तिथं इफ घाला.

त्याच लायब्ररीचं, मूळ एरर काढून देणारं कॉज फंक्शनही शोधा. ते फक्त कॉज नावाची मेथड असलेल्या थरांतून खाली उतरतं. एररएफच्या थराला ती नसते, म्हणून अर्धं बदललेल्या कोडमध्ये कॉज मधेच अडकतं. बदल करायचाच तर आधी सगळे कॉज काढून एरर्स.इज आणि एरर्स.ॲज आणा, मग रॅपला हात लावा. स्टॅक ट्रेसवर (एरर कुठल्या फंक्शनांतून आली त्या यादीवर) पाणी सोडावं लागेल, गोची स्वतःची एरर तो ठेवत नाही. बाकी वरिष्ठांचा आग्रह योग्य आहे, लायब्ररीचं भांडार (रिपॉझिटरी) 2021 च्या डिसेंबरपासून बंदिस्त (आर्काइव्ह केलेलं) आहे.

प्रश्न : फाइल लिहून झाल्यावर डिफरमध्ये (फंक्शन संपताना आपोआप चालणाऱ्या ओळीत) क्लोज करतो. त्याची एरर सोडून दिली तर चालेल का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : वाचलेल्या फाइलची सोडा. लिहिलेल्या फाइलची सोडू नका, काही फाइलसिस्टिम लिहिताना झालेला बिघाड क्लोजच्या वेळीच कळवतात. परत जाणाऱ्या एररला फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये, म्हणजे त्याच्या पहिल्या ओळीतच, नाव द्या आणि डिफरमध्ये ती एरर आणि क्लोजची एरर जॉइन करून त्याच नावात ठेवा. दोन्ही निल असतील तर निल, एखादी असेल तर ती. फक्त एक लक्षात घ्या, एकच एरर असली तरी जॉइन तिच्यावर आपला थर चढवतं. तुमच्या फंक्शनला बोलावणारा कुणी आयओ.ईओएफशी (‘वाचायला आणखी काही नाही’ या एररशी) थेट दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना करत असेल, तर ती उद्यापासून जुळायची बंद होईल. तिथं एरर्स.इज घालून मगच डिफर बदला.