फिश टँकखाली थर्माकोल घालणे खरोखर आवश्यक आहे का, आणि घातल्यास किती जाडीचा घालावा?

आपण ३ फुटी टाकी घेतली आहे, दुकानदार अर्धा इंची थर्माकोल घाला म्हणतो, घरात जुनी योगा मॅट पडून आहे, तेव्हा यांपैकी काय घालावे आणि जाडी किती असावी, असा आपला प्रश्न आहे. जाडीचा हा वाद आमच्या घरात २०१२ पासून मिटलेला नाही, म्हणून आधी आमच्या टाकीची हकीकत सांगतो.

डोंबिवलीच्या घरी आम्ही ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी ८ मिलिमीटर काचेत बनवून घेतली होती. ती काठोकाठ भरली तर २५५ लिटर पाणी मावते. दोन इंच रिकामी सोडली तरी सव्वादोनशे लिटर पाणी, चाळीसएक किलो काच आणि वर वाळू-दगड धरून सगळा भार तीनशे किलोंच्या घरात जातो. स्टँड माझ्या थोरल्या बंधूंनी हौसेने लोखंडी अँगलचा करवून आणला आणि थर्माकोलची अर्धा इंची शीट मी आणली. स्टँड जागेवर ठेवला तेव्हा त्याचा पुढचा डावा पाय फरशीपासून किंचित उचललेला होता आणि हाताने दाबला की टक् असा आवाज करून टेकत होता. मी ते दाखवले, तेव्हा दादा म्हणाले, "वजन आले की बसेल, आणि वर थर्माकोल आहेच की." पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून आम्ही टाकी भरली.

सात महिने काही झाले नाही. आठव्या महिन्यात पहाटे पाचच्या सुमारास स्वयंपाकघरातून बरणी फुटल्यासारखा एकच आवाज आला आणि मी दिवा लावेपर्यंत पाणी कपाटाखालून दारापर्यंत पोहोचले होते. तळाची काच एका कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तिरकी तडकली होती. सहा एंजल माशांपैकी चार बादलीत वाचले. ज्या जोडीने त्याच आठवड्यात फिल्टरच्या पाइपवर अंडी घातली होती ती दगडांच्या मागे अडकली आणि मला वेळेवर सापडली नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली, त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागावी लागली आणि रंगाचा खर्च द्यावा लागला, तो आनंदाने दिला. मात्र त्या दिवसापासून दादांचे म्हणणे एकच आहे, की थर्माकोल पातळ पडला, एक इंची आणायला हवा होता. दर गणपतीत कोणीतरी टाकीचा विषय काढतो आणि दोष माझ्या शीटवर येतो.

ती शीट मी टाकलेली नाही. टाकी उचलल्यावर तिच्याकडे नीट पाहिले आणि सगळा उलगडा तिथेच झाला. तिरक्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या दोन कोपऱ्यांवर अँगलची खूण इतकी खोल उमटली होती, की अर्ध्या इंचाचा थर्माकोल तिथे पाव इंचाहूनही कमी राहिला होता आणि त्याचे मणी चपटे होऊन कागदासारखे चकाकत होते. उरलेल्या दोन कोपऱ्यांवर मात्र ती शीट दुकानातून आणली तशीच कोरी होती. म्हणजे तीनशे किलोंची टाकी प्रामुख्याने दोन कोपऱ्यांवर तोलली गेली होती. स्टँडच्या वरच्या चौकटीला पीळ होता, म्हणजे तिचे चार कोपरे एका पातळीत नव्हते, आणि जो पाय उचललेला दिसत होता तो त्या पिळाचीच खूण होता. वजन आल्यावर स्टँड "बसला", तसा त्याने टाकीलाही आपल्याबरोबर पिळले.

काच दाब भरपूर सहन करते, पण वाकवली किंवा पिळली की ताण येणाऱ्या बाजूने, बहुधा कडेच्या एखाद्या बारीक टवक्यापासून, ती तडकते. सोळा इंच पाण्याचा भार तळाच्या दर चौरस सेंटीमीटरला अवघा ४० ग्रॅम असतो, म्हणजे पाणी काचेचे काही बिघडवत नाही. तोच भार मोजक्या जागी गोळा झाला की ती जाते. थर्माकोलचे काम इतकेच, की वाळूचा कण, वेल्डिंगची बारीक गाठ, प्लायचा खडबडीतपणा किंवा कडप्प्यावरचा उंचवटा त्याने स्वतःत सामावून घ्यावा. हे काम तो उत्तम करतो आणि त्यासाठी अर्धा इंच पुरेसा आहे. चार फुटांच्या चौकटीचा पीळ काढणे त्याला जमत नाही, मग तो एक इंची घाला नाहीतर दोन इंची. जाड थर उलट अधिक फसवा, कारण तो दोष झाकतो आणि माणूस निर्धास्त होतो. स्टँड लंगडत असेल तर तो फॅब्रिकेशनवाल्याकडे परत पाठवावा, हे माझे ठाम मत आहे आणि दादांनाही मी हेच सांगत आलो आहे.

पीळ तपासायला दोन दोऱ्या पुरतात. चौकटीच्या वरच्या पृष्ठावर तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून त्या एकमेकींना छेदतील अशा ताणून बांधा. मध्यावर दोन्ही एकमेकींना जेमतेम टेकल्या तर चौकट सपाट आहे. एक दुसरीपासून सुटलेली दिसली किंवा तिला ढकलत असली, तर पीळ आहे. मध्यावर २ मिलिमीटरची फट म्हणजे एखादा कोपरा सुमारे ४ मिलिमीटरने वर किंवा खाली आहे असे समजा. पाणसळ नुसती लांबीत आणि रुंदीत एकेकदा ठेवल्याने हे कळेलच असे नाही, कारण पिळलेल्या चौकटीवरही मधोमध बुडबुडा जागेवर दिसू शकतो.

आता आपल्या मॅटविषयी. पातळ आणि घट्ट असेल, टाकीच्या तळाएवढी अखंड कापता येत असेल, तर ती चालेल. जोड देऊन घालू नये आणि गादीचा मऊ फोम तर मुळीच नको, कारण तो एका बाजूला जास्त दबतो. थर्माकोलची आपल्याकडची एक अडचण म्हणजे त्यात मुंग्या घर करतात, त्यामुळे कडेने भुसा दिसतो का ते पाहत राहावे.

हे सगळे तळाची काच थेट स्टँडवर टेकणाऱ्या टाकीविषयी झाले. आपल्या टाकीच्या तळाला चहूबाजूंनी प्लॅस्टिकची चौकट असेल आणि काच त्या चौकटीमुळे स्टँडपासून उचललेली असेल, तर खाली काहीही घालू नका. अशा टाकीचा भार चौकटीने कडेवर घ्यायचा असतो. मऊ थर घातला की चौकट त्यात रुतते आणि थराचा मधला भाग तळाच्या काचेला खालून वर दाबतो. आपण हे प्रश्नात लिहिलेले नाही, म्हणून टाकी आडवी करून एकदा पाहून घ्या. तयार टाकीबरोबर कंपनीचा सूचनापत्रक असेल, तर त्यात लिहिलेले माझ्या सांगण्यापेक्षा ग्राह्य धरावे.

भरताना आधी चार इंचच पाणी भरा, रात्रभर ठेवा आणि सकाळी चारही कोपऱ्यांत पट्टीने पाण्याची उंची मोजा. ती सगळीकडे सारखी नसेल तर पाणी काढून स्टँडच्या पायाखाली पत्र्याची चकती घाला. टाकी आणि स्टँड यांच्या मध्ये पाचर मारू नये, आणि पुठ्ठा तर कुठेच वापरू नये, कारण तो ओला झाला की दबतो.